आमची वाटचाल : दुधाच्या दरातले चाळीस पैसे

२००६ साली मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका खोलीत दूध संस्थांसाठी संगणक प्रोग्राम लिहायचा हा व्यवसाय सुरू केला. एक संगणक, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि हातात कागल तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं काम. नोंदी साठवायला मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर २००५, त्याची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट मिळायची. डेटाबेसला चार जीबीची मर्यादा होती, पण गावच्या संस्थेला तेवढी पुरून उरायची.

पहाटे सहाला संस्थेत रांग लागते. फॅट काढायची, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघायचा, लिटर मोजायचे आणि सभासदाच्या हातात पावती द्यायची. मागचा माणूस किटली घेऊन उभाच असतो. दर ठरतो दूध संघाच्या दरपत्रकावरून, म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं, फॅटच्या प्रत्येक पॉइंटला वेगळा आकडा. दरपत्रक बदललं की प्रोग्राम पुन्हा बांधायला लागू नये म्हणून दर काढायचं गणित आम्ही स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये ठेवलं. प्रोसिजरनं नोंद करायची आणि पावती क्रमांक व दर आउटपुट पॅरामीटरमधून, म्हणजे उत्तर परत आणणाऱ्या रिकाम्या रकान्यातून, आमच्या प्रोग्रामला परत द्यायचा.

पहिली अडचण लगेच आली. पावतीवर क्रमांकच येईना. तीच प्रोसिजर त्या सभासदाच्या चालू बिलातल्या नोंदींची यादीही पाठवत होती आणि आम्ही ती यादी ओळीओळीनं वाचणारा डेटारीडर उघडा असतानाच पॅरामीटर वाचत होतो. सर्व्हर आधी यादीच्या सगळ्या ओळी पाठवतो, आउटपुट पॅरामीटरची मूल्यं त्यांच्या मागून येतात. रीडर बंद करून मग वाचलं की क्रमांक हजर. एवढं उमजायला दोन रात्री गेल्या. परत येणाऱ्या मजकुराच्या पॅरामीटरला साइझ, म्हणजे किती अक्षरं मावतील ते, द्यावीच लागते, हे त्यामानानं सोपं होतं, कारण तिथं प्रोग्राम सरळ एरर देऊन थांबायचा. थांबणारी चूक मला परवडते.

२००९ मधली चूक थांबणारी नव्हती. वेग वाढावा म्हणून आम्ही प्रोग्राम नव्यानं लिहिला. तोवर काही संस्थांत दर यादीतल्या रकान्यातून घेत होतो, तो सगळीकडे आउटपुट पॅरामीटरमधून घ्यायला लागलो. दराला लिटरनं गुणून रक्कम प्रोग्रामच जमा करायचा. एका दहा दिवसांच्या बिलानंतर एक मावशी सगळ्या पावत्या पिशवीत घालून सचिवांकडे आल्या. मी तिथंच होतो. ‘बाळा, भिंतीवरच्या कागदावर तेहतीस चाळीस हाय, माझ्या पावतीला तेहतीसच कसं?’

मी प्रोसिजर सर्व्हरवर थेट चालवून बघितली. ३३.४० आलं. पुन्हा चालवली, पुन्हा ३३.४०. प्रोग्राममधून मात्र ३३. पॅरामीटरचा प्रकार डेसिमल (दशांशाचा आकडा) लिहिला होता, दिशा आउटपुट लिहिली होती, पण प्रिसिजन (एकूण किती अंक) आणि स्केल (त्यातले दशांशानंतरचे किती) लिहिलं नव्हतं. आत जाणाऱ्या पॅरामीटरमध्ये आकडा असतो, त्यावरून दशांशाची घरं कळतात. बाहेर येणारा पॅरामीटर जाताना रिकामा असतो. त्याचं स्केल सांगितलं नाही तर ते शून्य धरलं जातं, आणि रुपये येतात, पैसे मागं राहतात. कुठंही एरर नाही.

मावशी दोन्ही वेळेला आठ-आठ लिटर घालायच्या. दिवसाला सोळा, दहा दिवसांचे एकशे साठ लिटर, चाळीस पैशांनी चौसष्ट रुपये. पेंडीच्या हिशेबात ते कुणाला लहान वाटत नाहीत. त्या संध्याकाळी मी आणि मावसभाऊ संस्थेत सगळ्यांसमोर उभे राहिलो आणि चूक आमची आहे, संस्थेची नाही, असं सांगितलं. फॅट, एसएनएफ आणि लिटर नोंदीत शाबूत होते, त्यामुळे प्रत्येक नोंदीचा खरा दर पुन्हा काढता आला. पुढच्या बिलात ‘मागील बिल दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ छापली. ‘दर फरक’ मुद्दाम लिहिलं नाही, तो शब्द दिवाळीला सभासदांना मिळणाऱ्या जादा रकमेचा. त्यात हे मिसळलं असतं तर लोकांना हिशेब लागला नसता. आमचा प्रोग्राम असलेल्या बाकीच्या गावांतही आम्ही स्वतः जाऊन तसंच केलं. एकाही संस्थेनं काम काढून घेतलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे अ‍ॅडविथव्हॅल्यू, म्हणजे दिलेल्या मूल्यावरून पॅरामीटरचा प्रकार आपोआप ठरवणारी सोय, वापरत नाही. प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार, साइझ, प्रिसिजन, स्केल हातानं लिहायचं. फॅट दरपत्रकाच्या बाहेर गेली तर दर नल, म्हणजे रिकामा, येतो. त्याचा शून्य करायचा नाही, पावती अडवायची आणि सचिवांना विचारायचं. नव्या मुलांना हे जाचक वाटतं. मी ऐकून घेतो, नियम बदलत नाही.

आज आम्ही सात जण आहोत. काही संस्थांचं काम आता पोस्टग्रेस या दुसऱ्या, फुकट डेटाबेसवर नेतोय. तिथं प्रोसिजरला निव्वळ आउट पॅरामीटर चौदाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आले. त्याआधी आत-बाहेर दोन्हीकडे चालणाऱ्या इनआउट पॅरामीटरवर भागवावं लागायचं. गेल्या महिन्यात मावसभावानं पहिली चाचणी लिहिली. सभासद क्रमांक कोणताही घे म्हणालो, दर ३३.४० ठेव. त्यानं तो आधीच ठेवला होता.