पाच वर्षांचा अनुभव नेमका कुठून मोजायचा?

नोंदणीकृत मूल्यांकक (मालमत्तेची किंमत अधिकृतपणे ठरवणारा) व्हायचे तर परीक्षा अवघड, असे नागपुरात ज्याला विचारावे तो सांगतो. परीक्षा त्या मानाने सरळ निघाली. वैताग आणला तो एका पानाच्या अनुभव प्रमाणपत्राने, म्हणून आधी तेच.

कंपनी कायद्याचे कलम २४७ आणि २०१७ चे नियम यांनुसार 'जमीन व इमारत' या वर्गासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाऊन प्लॅनिंगची पदवी लागते आणि त्यापुढे पाच वर्षांचा अनुभव. तो पदवीनंतरचाच. डिप्लोमा करून साइटवर लागलेले आणि नोकरी सांभाळून पदवी घेतलेले लोक इथेच अडकतात, कारण पदवीआधीची वर्षे धरत नाहीत.

माझी फाइल तीनदा परत आली, दर वेळी फक्त एकेक नवी त्रुटी दाखवून. पहिल्यांदा: प्रमाणपत्रात 'सुमारे सहा वर्षे' आहे, तारखा नाहीत. दुसऱ्यांदा: रुजू झाल्याची तारीख पदवीच्या निकालाआधीची आहे. तिसऱ्यांदा: 'साइटवरील कामे पाहिली' यातून कामाचे स्वरूप कळत नाही. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी त्याच कागदावर दिसत होत्या. एकदम सांगायला काय जात होते? प्रत्येक दुरुस्तीसाठी जुन्या मालकाच्या दारात उभे राहावे लागते, आणि तोही तिसऱ्यांदा कपाळाला आठ्या घालतो.

म्हणून मसुदा स्वतःच टाइप करून न्यावा. लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, मोजमापे, अंदाजपत्रके, बिल तपासणी अशी कामे स्पष्ट शब्दांत, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा. सोबत नेमणूकपत्र, फॉर्म १६, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे. पगार रोखीत घेतला असेल तर मागे कागद उरत नाही. छोट्या कंत्राटदारांकडे राबलेल्यांची हीच गोची होते. स्वतंत्र काम करणाऱ्यांनी वर्क ऑर्डर आणि आयकर विवरणपत्रे वर्षवार लावून ठेवावीत.

बाकीचा क्रम सोपा आहे. आधी मूल्यांककांच्या मान्यताप्राप्त संस्थेचे सदस्यत्व, मग तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग त्याच संस्थेच्या शिफारशीने आयबीबीआयकडे (नोंदणी देणारे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ) फॉर्म ए, पाच हजार रुपये शुल्कासह. शुल्क परत मिळत नाही. परीक्षा पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर परीक्षा पुन्हा. कागदपत्रांचा घोळ हीच मुदत खातो.

परीक्षा संगणकावर, दोन तासांची, पास व्हायला ६० टक्के. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात, म्हणजे एकाच गुणाचे चार प्रश्न चुकले की एक बरोबर उत्तर गेले. अंदाजपंचे ठोकू नये. कायद्यांचे पाठांतर करता येते. गुण जातात ते गणितात. वर्षखरेदी, म्हणजे 'इयर्स पर्चेस' (वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणून किंमत काढतात तो), हाताने सोडवून बघावी. ८ टक्के दराने कायमच्या उत्पन्नाला १२.५ येते, २० वर्षांच्या उत्पन्नाला ९.८२. त्याच २० वर्षांना ३ टक्क्यांचा सिंकिंग फंड (गुंतवलेले भांडवल भरून यावे म्हणून दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम) धरला की ८.५३. हे तीन आकडे वेगळे का येतात ते कळले की पट्ट्याच्या जमिनीचा प्रश्न घाबरवत नाही. आपल्याकडच्या नझूलच्या, म्हणजे पट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनीच्या, प्लॉटला हेच गणित लागते: पट्ट्याची किती वर्षे उरली, भुईभाडे किती, नूतनीकरणाच्या अटी काय.

नोकरीत असाल तर एक गोष्ट आधीच ठरवा. मूल्यांकक म्हणून काम करायचे आणि नोकरीही धरायची, हे चालत नाही; नोकरी पत्करली की सदस्यत्व तात्पुरते परत करावे लागते.

आणि हो, सुरुवातीलाच सांगायला हवे होते: घर विकताना भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत काढून देणारा मूल्यांकक वेगळ्या नोंदणीतला. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला, पण त्याच कायद्यातून आलेली ही नोंदणी राहिली. तिचा अर्ज वेगळा, अटी वेगळ्या. बँकेच्या पॅनेलचा, म्हणजे तिच्या मूल्यांककांच्या यादीत येण्याचा, अर्ज तर प्रत्येक बँकेत निराळाच, आणि त्यालाही पुन्हा अनुभव प्रमाणपत्र लागते. तेव्हा ते सहीशिक्क्यासह चार प्रतींत घेऊनच जुन्या मालकाच्या ऑफिसातून निघा.