तुम्ही विचारलंत म्हणून : जुनाट आजाराचं मांजर आणि नैसर्गिक उपाय

हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर येतो. मांजराच्या रक्ताचा रिपोर्ट आलेला असतो, किडनीचं बरंचसं काम थांबलेलं असतं, डॉक्टरांनी कायमची औषधं आणि मांजर तोंड फिरवेल असं खाणं लिहून दिलेलं असतं. मग विचारणा होते, ‘याऐवजी काही नैसर्गिक देता येईल का?’

औषधाऐवजी देण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. इन्सुलिनला, थायरॉइडच्या गोळीला, ब्लडप्रेशरच्या गोळीला झाडपाल्याचा पर्याय नाही. जोडीला मात्र पुष्कळ करता येतं. त्यातल्या ज्या गोष्टींचा खरोखर गुण येतो त्या अगदी साध्या आहेत: पाणी, फॉस्फरसवर लगाम, माशाचं तेल आणि वजनकाटा. अर्कांच्या बाटल्या या यादीत फार खाली येतात.

त्याचं कारण मांजराच्या यकृतात आहे. वनस्पतींमधले फिनॉलसारखे पदार्थ शरीराबाहेर काढण्यासाठी यकृत ग्लुकुरोनिडेशन नावाची प्रक्रिया वापरतं. मांजरात त्यासाठी लागणाऱ्या एका मुख्य एन्झाइमचं जनुक निकामी झालेलं आहे. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. सांधेदुखीवर ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा विलोच्या सालीचा अर्क हे ॲस्पिरिनचंच भावंड आहे. त्यातलं सॅलिसिलेट मांजराच्या रक्तात निम्म्यावर यायलाच दीड दिवसाहून जास्त वेळ लागतो. रोज दिलं तर साठत जातं. टी ट्री, लवंग, दालचिनी, विंटरग्रीन या तेलांचंही तसंच. अंगाला लावलं नाही, नुसता डिफ्यूझर लावला, तरी तुषार केसांवर बसतात आणि मांजर ते चाटून पोटात घेतं.

लसणाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ म्हणून तो सगळीकडे सुचवला जातो. कांदा-लसणातली गंधकयुक्त संयुगं मांजराच्या लाल पेशी फोडतात. त्यात किडनीच्या आजारात रक्त आधीच कमी असतं, कारण लाल पेशी बनवण्याचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे किडनीच तयार करते. म्हणजे नेमक्या याच मांजराला लसूण सर्वांत महागात पडतो. आणि घरात लिलीची फुलं असतील तर आधी ती बाहेर काढा. केसांवर पडलेले परागकण चाटले तरी चांगली किडनीसुद्धा काही दिवसांत बंद पडते.

आता पाणी. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, आजारी किडनीला त्याहून जास्त, कारण तिला लघवी दाट करता येत नाही. कोरड्या खाण्यात १० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. २०० ग्रॅम ओलं खाणं पोटात गेलं की दीडशे मिलिलिटर पाणी आपोआप गेलं. वर दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा. चिकन उकळलेलं पाणी ओतायचा मोह होतो. पण मांस उकळताना त्यातला फॉस्फरस पाण्यातच उतरतो. वासापुरता चमचाभर ठीक, वाटीभर नको.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतात. किती आणि किती दिवसांनी हे तेच ठरवणार. सर्वसाधारण मांजराला एका वेळी ७५ ते १५० मिलिलिटर असतं. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा, गरम लागता कामा नये. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते. सुई त्या पोकळीत, अंगाला समांतर जायला हवी. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली असं समजा. नंतर एका बाजूला फुगवटा लोंबतो, कधी पुढच्या पायापर्यंत उतरतो. काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही जिरला नसेल तर पुढचं सलाईन थांबवून फोन करा. हृदयाचा आजार असलेल्या मांजराला जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं, म्हणून शेजारच्या मांजराचं प्रमाण आपल्याला लागू नाही.

फॉस्फरस हा किडनीच्या आजारातला खरा शत्रू. किडनीसाठीच्या खाण्यात तो कमी केलेला असतो आणि आयुष्य वाढवण्याच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा याच खाण्याचा आहे. पण ते मळमळत असताना सुरू केलं की मांजर त्या वासाचा संबंध मळमळीशी जोडतं आणि मग कधीच तोंड लावत नाही. आधी मळमळ आटोक्यात आणा, मग जुन्या खाण्यात चमचा चमचा मिसळत तीन-चार आठवड्यांत बदल करा.

एवढं करूनही फॉस्फरस चढाच राहिला तर बाइंडर, म्हणजे अन्नातला फॉस्फरस धरून ठेवणारा पदार्थ, लागतो, आणि इथे एक खरोखर घरगुती उपाय आहे: अंड्याच्या टरफलाची पूड. ती जवळपास शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असते. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळायची, पूर्ण वाळवायची, पिठासारखी बारीक दळून गाळायची; रवाळ पूड नीट काम करत नाही. मात्रा किलोमागे दिवसाला ९० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे चार किलोच्या मांजराला ३६० ते ६००, जेवणांत विभागून. पाव चमच्यातच सव्वा ग्रॅमच्या आसपास पूड मावते, दुपटीहून जास्त. म्हणून चमच्याने मापू नका, मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. पूड खाण्यात कालवूनच द्यायची, कारण तिला अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरायचं असतं. रिकाम्या पोटी दिली तर कॅल्शियम रक्तात जातं, फॉस्फरस आहे तिथेच राहतो, आणि वाढलेलं कॅल्शियम किडनीचं आणखी नुकसान करतं. रक्तातलं कॅल्शियम आधी तपासल्याशिवाय आणि महिन्याभराने पुन्हा तपासल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

तेल द्यायचं तर माशाचं. जवसातलं ओमेगा-३ मांजराचं शरीर कामाच्या रूपात फारसं बदलू शकत नाही, त्यामुळे जवस देणं जवळपास वाया जातं. कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व साठण्याइतकं असतं. लेबलवर ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असलं तरी मोजायचं ते ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ ची कामाची रूपं. साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून ३०० च्या आसपासच भरतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेच्या पावपटीने सुरुवात करा, नाहीतर जुलाब लागतात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, खवट वास आला की फेकून द्या.

बाकी आजारांचं थोडक्यात. मधुमेहात कमी कर्बोदकांचं ओलं खाणं इतकं परिणामकारक असतं की तोच धोका ठरतो: इन्सुलिन तेवढंच ठेवून खाणं बदललं तर साखर धाडकन उतरते. त्यामुळे खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. मांजर डळमळायला लागलं तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच निघा. थायरॉइड वाढलेल्या मांजराला समुद्री शैवालाची पूड देऊ नका, त्यातल्या आयोडीनचा भरवसा नसतो. ज्येष्ठमध पोटॅशियम उतरवतो आणि रक्तदाब चढवतो, तेव्हा किडनी आणि हृदय दोन्हींना वर्ज्य. मांजरांच्या हर्पिस विषाणूसाठी लायसिन हे अमिनो आम्ल अजून विकलं जातं. उपयोग होत नाही हे दिसून आलेलं आहे. स्लिपरी एल्मची साल पोटाला आतून लेप देते, मात्र तोच लेप औषधही शोषू देत नाही, म्हणून गोळी आणि ती यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. अल्कोहोलमधले अर्क तर मांजराला देऊच नयेत.

काहीही नवं सुरू करताना एका वेळी एकच गोष्ट, आणि पुढची दोन आठवड्यांनी. तीन पुड्या एकदम सुरू केल्या आणि उलट्या लागल्या तर दोष कोणाचा ते कळत नाही. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन घ्या: चार किलोच्या मांजरात २०० ग्रॅमची घट म्हणजे पाच टक्के, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. हृदयाचा आजार असेल तर गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजा. ३० च्या वर सतत जायला लागले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर वाट बघू नका, विशेषतः ते जाड असेल तर. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो एक नवाच आजार होऊन बसतो. तोंड उघडं ठेवून श्वास, बोका ट्रेमध्ये कुंथतोय पण लघवी नाही, मागचे पाय एकाएकी लुळे: यातलं काहीही दिसलं तर घरात काही शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा, आणि जाताना जी जी पूड, तेल, थेंब चालू आहेत त्यांच्या बाटल्या सोबत न्या.