घड की बाळी?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, काडीवरचे डोळे फुटले, की तासगाव-कवठेमहांकाळकडचे बागायतदार मला हमखास विचारतात, "फूट एवढी जोमदार, मग घडाच्या जागी बाळी, म्हणजे आधाराला वेटोळं घालणारा नुसता तंतू, का?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

हे ऑक्टोबरात ठरतच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे काड्या खालपर्यंत छाटतात त्यानंतर, साधारण ४० ते ७५ दिवसांत, डोळ्याच्या आत ठरतं. डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तिथे एक बारीकसा उंचवटा दिसतो. त्यातल्या पेशींचं अजून काहीच पक्कं झालेलं नसतं. त्याचाच घड होतो, त्याचीच बाळी. इतकी वर्षं बघतोय, तरी त्या उंचवट्यावरून माझी नजर लवकर हलत नाही.

कौल देतात संजीवकं, म्हणजे वेलीच्या वाढीला वळण देणारी तिची स्वतःची रसायनं. मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं. मग एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे फॉस्फेट सोपवत निरोप केंद्रकात पोचतो आणि तिथली जनुकं चालू होतात. उंचवटा पुन्हा पुन्हा फाटे फोडतो, घड बनतो. जिबरेलिनची तऱ्हा वेगळी. वाढीच्या जनुकांना डेला नावाची प्रथिनं आवरून धरतात. जिबरेलिन आलं की ती मोडतात. शेंडा पळतो, उंचवट्याची बाळी होते.

याचा फार सुंदर पुरावा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये दिला. पिनो म्यूनिए या फ्रेंच वाणापासून मिळालेल्या एका बुटक्या वेलीत डेलाच्या जनुकातच बदल होता. जिबरेलिनला ते प्रथिन दाद देत नव्हतं. त्या वेलीवर बाळीच्या जागी घड लागत होते!

आपण पुढे मणी लांबवायला घड बुडवतो, ते जीए म्हणजे हेच जिबरेलिन. तेव्हा ते हवं असतं, उन्हाळ्यात नको. म्हणूनच त्या दिवसांत सीसीसी हे वाढ रोखणारं रसायन फवारतात, त्यानं वेलीत जिबरेलिन कमी तयार होतं; आणि सिक्स-बीए, म्हणजे बाहेरून दिलेलं सायटोकायनिन. तुमच्या बागेला मेमध्ये युरिया पडला, पाणीही सढळ, वर ढगाळ हवा. काडी पळत राहिली आणि डोळ्यांवर ऊन पडलंच नाही. म्हणून बाळी.

पुढच्या खेपेला खरड छाटणीपासून साठाव्या दिवशी वेगवेगळ्या वेलींच्या दहा-बारा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. डोळे तुमच्यासमोरच चिरू.