झडीच्या दिवसांत बागेत

पाऊस लागला की मी बागेत जाते ती एक हात छत्रीला आणि दुसरा खिशात ठेवून. खिशातला हात महत्त्वाचा. पहिल्या वर्षी तो खिशात नव्हता. सर थांबली तशी उत्साहाने कुदळ घेतली आणि अख्खा वाफा खणून काढला. कुदळीच्या पात्याने कापलेली माती लोण्यासारखी चकचकत होती, मला वाटलं काय सुरेख! ऊन पडल्यावर तिची ढेकळं झाली, अशी टणक की कुदळच उडायची. ओल्या मातीतल्या हवेच्या पोकळ्या मीच दाबून बुजवल्या होत्या. ती जमीन मऊ व्हायला शेणखत घालून घालून पुढचं वर्ष गेलं. "अगं, वाफसा येईपर्यंत थांबायचं असतं," सासूबाई नंतर म्हणाल्या. नंतर!

वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, खणायजोगी ओलसर झालेली. तो ओळखायला सोपा आहे. मूठभर माती दाबायची, गोळा होतो. त्याला टिचकी मारायची. भुगा झाला तर खुरपं घ्या, नुसता खळगा पडला तर घरात जा.

मग पावसात करायचं काय? पाणी कुठे जातं ते बघायचं. कोपऱ्यातली माझी तीन रोपं ओळीने मेली आणि मी प्रत्येक वेळी रोपालाच दोष दिला. एकदा भर पावसात तिथे उभी राहिले, तर पन्हळीची धार नेमकी त्याच आळ्यात पडत होती. आता तिथे 200 लिटरचं पिंप आहे. एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आमच्या शेडचं छप्पर 20 चौरस मीटर, त्यामुळे 10 मिलिमीटरच्या एका सरीत पिंप जवळजवळ काठोकाठ. तोंडाला बारीक जाळी मात्र हवीच, नाहीतर आठ-दहा दिवसांत डासांची फौज तयार. कुंड्यांखालच्या ताटल्याही त्याच भीतीने काढून ठेवते.

परवा एका कुंडीत वर पाणी साचलेलं दिसलं. आडवी करून खालच्या भोकात विणायची सुई घातली. मुळांचा बोळा सरकला आणि सगळं गढूळ पाणी माझ्या चपलेवर.

तण काढायला मात्र हेच दिवस. वाफ्यात पाय न घालता, कडेला बसून. एरवी लव्हाळा ओढला की पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. भिजलेल्या मातीत बोटं खुपसून हळूहळू खेचलं तर एकीला जोडलेली दुसरी गाठ, दुसरीला तिसरी, अशी माळच बाहेर येते. इतकं समाधान मला फार थोड्या गोष्टींत मिळतं.

पानं पिवळी पडली म्हणून घाईने खत टाकू नका, ते पाण्याबरोबर वाहून जाईल. उघडीप मिळाली की थोडं थोडं द्या.

आणि छाट कलमं! हवा दमट असल्याने काड्या सुकत नाहीत. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घेते. तीन-चार डोळे, म्हणजे फुटवा येतो त्या जागा, हवेत आणि खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. खालची पानं काढून वाळूमिश्रित मातीत खोचायची आणि आडोशाला ठेवायची. मुळं फुटली का ते ओढून बघायचं नाही. मी दोन काड्या अशाच घालवल्या आहेत.

आज झडीचा तिसरा दिवस. संध्याकाळी मूठभर माती दाबली, गोळ्याला टिचकी मारली. नखभर खळगा पडला. खुरपं परत खुंटीला.