नुसतं 'बरं'

मराठीत राग 'येतो'. ताप येतो, शिंक येते, तसा. त्यात आपला काही दोष नसतो. रुसायला मात्र स्वतः रुसावं लागतं, आणि ते पूर्णवेळ काम आहे. नाराजी या दोघांच्या मधे कुठेतरी नुसती 'असते'. शब्द फारसीच्या वाटेने आलेला: ना-राजी. राजी नाही, एवढंच. त्याहून मोठा आरोप त्यात नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावना, मोजलेत. त्यात असूया आहे, अमर्ष म्हणजे अपमान सहन न होणं आहे, उग्रता आहे. ही बिचारी नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढा तिचा आवाजच नसावा, असा माझा आपला अंदाज.

वर्तमानपत्रात ती कायम 'तीव्र' असते आणि न्यायालयं ती 'व्यक्त' करतात. घरात असं कोणी करत नाही. घरात भांडी जरा जोरात ठेवली जातात, कपाटाचं दार नको तेवढं वाजतं, आणि काय झालं विचारलं की उत्तर येतं, 'कुठे काय?' सगळी कला त्या 'कुठे काय'मध्ये आहे. समोरच्याला कळलं तर पाहिजे, पण आपण पकडले जाता कामा नये.

मला ही कला येते असा माझा समज होता. परवा धाकट्या भावाने एक गोष्ट मला न विचारता ठरवून टाकली आणि वर मेसेज करून कळवली. मी लिहिलं, 'बरं.' पुढे पूर्णविराम. एरवी मी मेसेजमध्ये पूर्णविराम देत नाही, आणि 'बरं'ला असं एकटं कधी पाठवत नाही. मग फोनकडे बघत बसले. त्याच्याकडून अंगठा आला. पिवळा, ताठ, प्रसन्न.

राग असता तर तासाभरात ओसरला असता. नाराजीला साक्षीदार लागतो. तो मिळेपर्यंत ती हलत नाही. दुसऱ्या दिवशी तर मूळ गोष्ट बाजूलाच पडली. आता मी त्या अंगठ्यावर नाराज होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी 'हं', 'हो', 'बघू' यापलीकडे गेले नाही. तो मधेच थांबला.

"ताई, बरी आहेस ना गं?"

पोचलं एकदाचं! मी 'कुठे काय' जिभेवर आणून ठेवलं.

"नाही, आवाज बसल्यासारखा वाटतोय. गरम पाणी पी."