अर्जुनात बसलो तो दिवस

रशियन टँक घ्यायचे का आपले अर्जुन, ह्यावरून आमच्या पुतण्याचं डोकं कायम तापलेलं असतं आणि दर वेळी शेवटी मलाच विचारतो, काका तुम्ही तर आत बसलात, तुम्हीच सांगा. बाबा रे, मी बसलो टी-७२ मध्ये, तो रशियन टँक. वीस वर्षं गनर, म्हणजे तोफ चालवणारा, दफेदार म्हणून रिटायर झालो. अर्जुनवर फक्त एक कन्व्हर्जन कोर्स केला, म्हणजे नवा टँक शिकायचा कोर्स, तोही आमच्या नगरलाच, टँकवाल्यांच्या आर्मर्ड कोअरच्या स्कूलमध्ये. पण त्यातला एक दिवस असा गेला की तेवढ्यावर बोलू शकतो.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, के. के. रेंजच्या, म्हणजे आर्मीच्या फायरिंगच्या मैदानाच्या कडेला. के. के. म्हणजे खारे कर्जुने, लोकांना वाटतं कुणा साहेबाचं नाव आहे. लहानपणी फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी वाजायची आणि आई म्हणायची, झाले ह्यांचे फटाके सुरू.

२०११ चा ऑक्टोबर, परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेलेला. मला ड्युटी लोडरची. आता टी-७२ मध्ये लोडर हा माणूसच नसतो, आत तीनच जण, गोळा मशीन भरतं, खाली गोल चकरीत २२ गोळे आणि आपण त्यांच्यावरच मांडी घातल्यासारखे बसलेलो, इतकी वर्षं त्यावर बसून डबा खाल्ला पण कधी मनात आलं नाही की खालून पेटलं तर काय. अर्जुनात चौघं, आणि गोळे मागं वेगळ्या बंद कप्प्यात. शिवाय आत उभं राहता येतं! माझी उंची पाच फूट दहा, टी-७२ मध्ये गुडघे कायम छातीशी.

शिकवणाऱ्या उस्तादनं एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, मुठ्ठी बांध के. गोळा ब्रीचमध्ये, म्हणजे तोफेच्या मागच्या तोंडात, ढकलायचा तो मुठीनं, बोटं उघडी ठेवली तर ब्रीच बंद होताना बोटांचा हिशोब लागत नाही. पहिला गोळा भरताना हात असा थरथरत होता की मला माझीच लाज वाटली, एकोणचाळीस वर्षांचा घोडा मी. ‘लोडेड’ ओरडलो आणि पुढच्या क्षणी तोफ माझ्या बाजूनं सपकन मागं येऊन परत जागेवर, वास असा की नाकातले केस जळावेत. आणि हे सगळं टँक पळत असताना! आमचा जुना टी-७२ नीट नेम धरायला थांबवावा लागायचा, हा दगडधोंड्यावरून चाललाय तरी तोफ टार्गेटवरून हलत नाही. सहा मारले, पाच बसले. ही १२० मिलिमीटरची तोफ आपल्या पुण्याच्या पाषाणच्या एआरडीईची, म्हणजे शस्त्रं बनवणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेची, हे कळल्यावर छाती जरा जास्तच फुगली. अर्जुनचं प्रोजेक्ट मंजूर झालं १९७४ ला, मी तेव्हा दोन वर्षांचा. म्हणजे आम्ही दोघं बरोबरच मोठे झालो, फक्त मी नोकरीला जरा लवकर लागलो.

दुपारी मात्र उतरलो जमिनीवर. परत येताना ओढ्याकडेला काळी माती, वरून वाळलेली, खाली नुसतं लोणी. ड्रायव्हर पोरगं नवीन, त्यानं तिथंच जोरात वळवला, डावा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, उतरला आणि टँक पोटावर बसला. साडेअठ्ठावन्न टन. टी-७२ एक्केचाळीस टनाचा, त्याच्यासाठीची रिकव्हरी गाडी आली तिनं ओढून बघितलं, दोर ताणला, धूर काढला, हा ढिम्म. मग दुसरी गाडी मागवली. पहारी, घण, चिखलात कोपरापर्यंत हात, ट्रॅकची पिन काही बसेना. साडेतीन तास. चौथा माणूस काय कामाचा असतो ते तेव्हा कळलं, तिघांत हे केलं असतं तर रात्र झाली असती.

आमचे रिसालदार साहेब बाजूला दगडावर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, गन बढ़िया है, पर पंजाब में नहर का पुल इसको कौन पार कराएगा? तेव्हा राग आला. पण खरं तर आर्मीचं इतकी वर्षं तेच चाललं होतं. पूल, रेल्वेचे वॅगन, रिकव्हरी गाड्या सगळं हलक्या रशियन टँकच्या मापाचं. २००१ ला रशियाचेच ३१० टी-९० घेतले ते साडेशेहेचाळीस टनाचे. २०१० ला राजस्थानात दोघांची समोरासमोर ट्रायल झाली, त्यात अर्जुन चांगला चालल्याच्या बातम्या आल्या, तरी संख्या टी-९० चीच वाढत गेली. २०२१ ला अर्जुनच्याच सुधारलेल्या मार्क-१ए च्या ११८ ची ऑर्डर निघाली, साडेसात हजार कोटींची, आणि त्याचं वजन किती, तर ६८ टन! सुधारणा केल्या बऱ्याच, पण पुलाला काय सांगणार? २०२० ला लडाखला वर गेले ते टी-७२ नि टी-९०, आणि आता तिथल्यासाठी पंचवीस टनाचा हलका टँक, झोरावर, बनवलाय. पुतण्याला हे सांगितलं की म्हणतो काका तुम्ही रशियाच्या बाजूचे. अरे, लढाईत बसायचं झालं तर मी आजही अर्जुनातच बसेन, फक्त ओढ्याच्या अलीकडं.

संध्याकाळी आऊटपास घेऊन गावी गेलो. वडील ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. माझ्या कपड्यांकडं बघितलं, वाळलेला चिखल, नखात ग्रीस.

"सकाळी सहा मोजले," म्हणाले. "मग दिवसभर काय झोपले होते का रे?"