नको, थँक यू

रविवार, २ नोव्हेंबर, रात्री

पहाटे इथे अमेरिकेत घड्याळ हिवाळ्यासाठी एक तास मागे गेलं. वर्षातून एकदाच असा तास फुकट मिळतो, आणि तो मी अंथरुणात पडून त्या डायनोसॉरचा विचार करण्यात घालवला. शुक्रवारी हॅलोविनच्या रात्री, पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागायला आली तेव्हापासून हेच चाललंय. भांडी घासताना तोच, गाडी चालवताना तोच.

चार-साडेचार वर्षांचा असेल. अंगभर हिरवा, पाठीवर कापूस भरलेले काटे, ओल्या पानांतून ओढत आणलेली शेपूट. ड्राइव्हवेच्या तोंडाशी येऊन थांबला. मागे बाप, हातात कॉफीचा कप. मी पोर्चवरच्या खुर्चीत बुजगावणं होऊन बसले होते. नवऱ्याचा, शिरीषचा, जुना चौकड्यांचा शर्ट, बाह्यांतून बाहेर आलेलं वाळकं गवत, तोंडावर गोणपाटाची पिशवी, मांडीवर चॉकलेटांचं घमेलं. युक्ती जुनीच आहे. पोरांना वाटतं पेंढा भरलेला बाहुला आहे, बिनधास्त हात घालतात, आणि मग बाहुला मान वळवतो. साडेसातपर्यंत पन्नासेक पोरांना किंचाळवून झालं होतं. मान दुखायला लागली होती, पण मजेत होते.

हा बराच वेळ नुसता बघत राहिला. डावीकडून सुरुवात केली. आधी थडगी, मग हिरवळीतून वर आलेले हात, मग मेपलच्या झाडाखालचा तो झगेवाला पुतळा. त्याच्यापाशी जरा जास्त वेळ. बाप म्हणाला, "गो ऑन, बडी." तर त्याने सरळ घराकडे बघून, म्हणजे माझ्याकडेच बघून, स्वच्छ आवाजात सांगितलं, "नो, थँक यू."

आणि वळला. रडला नाही, बापाच्या पायाला बिलगला नाही, काही नाही. पंगतीत जिलबी वाढायला आलेल्याला पानावर हात आडवा धरून नको म्हणावं, तितकं साधं.

मला काही बोलताही येईना. बुजगावणं कसं बोलणार? पिशवीच्या विणीतून नुसती बघत राहिले. तो शेजारच्यांकडे गेला. त्यांच्याकडे सजावट म्हणजे काय, तर एक फोल्डिंगची खुर्ची, तिच्यावर स्टीलचं भांडं आणि एक चिठ्ठी : कृपया एकच घ्या. त्याने एकच घेतलं.

एवढंच झालं. लिहिल्यावर तर अजूनच एवढंसं दिसतंय. मग का डाचतंय?

ऑगस्टपासून राबले म्हणून असेल. भिंतीत थंडी अडवायला घालतात तो गुलाबी फोमचा बोर्ड, दोन इंच जाड, चार बाय आठ फुटांचा. एकातून सहा थडगी निघतात. ती कापायची, सुरीने तडे पाडायचे, करडा रंग द्यायचा, वर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा फिरवायचा म्हणजे दगड पावसात झिजल्यासारखा दिसतो. रंग ब्रशनेच. पहिल्या वर्षी लेकीने, ओवीने, हौसेने काळा स्प्रे मारला आणि त्यातल्या सॉल्व्हंटने फोम खाल्ला, थडग्याची चाळण झाली. आम्ही दोघी गॅरेजमध्ये बसून रडलो होतो. आता सगळ्यांत जुनं, सगळ्यांत खरं तेच दिसतं. दरवर्षी पुढच्या रांगेत लावते. यंदा तिला त्याचा फोटो पाठवला तर नुसता अंगठा आला. सध्या मिडटर्म परीक्षा आहेत तिच्या.

थडग्यांवरचा मजकूर माझा. एकावर, इथे जिमची मेंबरशिप विसावली आहे, जन्म २ जानेवारी, मृत्यू ९ जानेवारी. ते इंग्रजीत. एक मात्र देवनागरीत : कै. स्वयंपाकाची हौस. पोरांना वाटतं ती भुतांची लिपी आहे. मी नाही म्हणत नाही.

गुरुवारी तो पाऊस झाला. ३० तारखेची रात्र म्हणजे न्यू जर्सीत मिस्चिफ नाइट. मोठी पोरं झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकतात, दारांवर अंडी मारतात, म्हणून मी दरवर्षी त्या रात्री पडद्याआडून पहारा करते. यंदा पावसाने त्यांनाही घरात बसवलं. पण दोन थडगी आडवी झाली आणि कंबरेत वाकून भर पावसात जमिनीत सळया ठोकाव्या लागल्या. शुक्रवारी वारा. फॉग मशीनमधून निघणारा धूर गरम असतो, वर जातो. तो जमिनीसरपट वाहावा म्हणून पिकनिकच्या बर्फाच्या पेटीतून पाइप फिरवून त्याला थंड करायची सगळी यंत्रणा मी केली होती. दहा डॉलरचा बर्फ. वाऱ्याने तो धूर निघाल्या निघाल्या समोरच्यांकडे नेला. समोरच्यांकडे तो बारा फुटी सांगाडा उभा आहे, होम डेपो नावाच्या दुकानाने २०२० साली २९९ डॉलरला काढलेला. खोक्यातून काढला, जोडला, उभा केला. नाताळात त्यालाच लाल टोपी घालतात. आणि माझा धूर त्याच्या घोट्यांशी इतका सुंदर पसरला होता की पोरं फोटो काढायला तिकडेच पळत होती.

शिरीष म्हणाला, "अगं, हल्ली पोरांना कशाचंच काही वाटत नाही. तुझ्या भुतांना आता कोण घाबरतं?" वर हेही म्हणाला की इतक्या पैशात चार विकतची आली असती. मी काही बोलले नाही. बोलायचं होतं.

मेपलखालचा तो मात्र माझा सगळ्यांत आवडता. पावणेसहा फूट, आत पाइप आणि जाळी, वर झगा, चेहरा नाहीच, नुसती पोकळी. झगा मॉन्स्टर मडचा. भिंतीचे सांधे भरायची तयार लांबी (पुट्टी) पाच भाग, भिंतीचा रंग एक भाग, आंबिलीसारखं कालवायचं, त्यात गोणपाट बुडवून सांगाड्यावर टाकायचं. वाळलं की कडक. चुण्या पडतात त्या अशा, की आपण कितीही ठरवून पाडल्या तरी इतक्या चांगल्या पडणार नाहीत. गोणपाट बागेच्या दुकानात मिळतं, हिवाळ्यात झुडपांना गुंडाळायला नेतात लोक.

पलीकडच्या गल्लीत मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा आहेत. रोज संध्याकाळी हात मागे बांधून फेरी मारतात. सप्टेंबरात पहिल्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "काय हो, दारात मसणवटा मांडलात?" मी ओशाळले. पण दुसऱ्या दिवशी परत आले, मी बादलीत गोणपाट बुडवत होते. जरा वेळ बघून म्हणाले, "पातळ झालंय. ओघळेल. आणि खालून वर लावत या, किल्ल्याला लावतो तसं."

किल्ल्याला लावतो तसं.

तीन वर्षं मी हा प्रकार इंग्रजी व्हिडिओ बघून बघून शिकले, चार पिशव्या लांबी वाया घालवली, आणि डोक्यात एकदाही आलं नाही की हे मला येतं. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात विटा आणि दगड रचायचे, गोणपाट चिखलात बुडवून वरून टाकायचं, की डोंगराच्या घळी आपोआप पडतात. येतं म्हणजे, बघून माहीत होतं. करायचा दादा. मला अळीव पेरायला द्यायचा आणि रोज पाणी शिंपडायला. बुरजाला हात लावायचा नाही. मावळे मांडायचे तेही तो सांगेल तिथे. सगळे मावळे एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचे. तो डबा... वाडा रिकामा करताना दादाने फोन करून विचारलं होतं, तुला इथलं काही हवंय का. मी काय म्हणाले ते जाऊ दे.

आजोबा नंतर रोज यायचे. शेवटी मेपलखालच्याला उभा केला तेव्हा त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "झकास. फक्त भूत वाटत नाही, कुणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटतं." मी ते कौतुक म्हणून घेतलं होतं. आता वाटतं, त्या पोरालाही तेच दिसलं असेल का?

कारण माझी गाडी फिरून तिथेच येते. घाबरला असता तर चाललं असतं. रडला असता तर मी पिशवी काढली असती, हे बघ, मी आहे, असं केलं असतं. इतकंच काय, मोरपिशी भोपळाही ठेवला होता, ज्यांना शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असते त्यांच्यासाठी, पेन्सिली आणि स्टिकरं घालून. सगळ्यांची सोय होती. नको म्हणणाऱ्याची नव्हती. आणि तो असा नको म्हणाला की त्यात माझ्यावर राग नाही, भीती नाही, कसलीच तक्रार नाही. मी चाळीस वर्षांत इतकं स्वच्छ नको कुणाला म्हटलेलं नाही. माझं नको म्हणजे, नको हो, कशाला उगाच, बरं थोडंसंच घाला.

आज सकाळपासून आवराआवर. फेसबुकवर पंढरपूरच्या कार्तिकीचे फोटो येतायत. आमच्या इथल्या पंचांगात एकादशी कालच होऊन गेली, हे मला काल चौथं चॉकलेट सोलताना कळलं. सोलून झालं होतं, खाल्लं. मागच्या वर्षी तर याहून कहर, हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी. पहाटे उटणं लावून अंघोळ, पायाखाली कारीट फोडायचं (कारीट कुठलं, चेरी टोमॅटो), आणि संध्याकाळी सांगाडे. शिरीष म्हणाला होता, नरकासुराला आजच्याइतकी सोबत कधी मिळाली नसेल.

थडगी काढताना कळलं की पुढच्या रांगेतलं ते चाळण झालेलं थडगं उलटं लागलं होतं. मजकूर घराकडे, पाठ रस्त्याकडे. पावसात सळया ठोकताना झालं असणार. शुक्रवारी रात्री चौसष्ट पोरं येऊन गेली, मी खडूने पोर्चच्या खांबावर रेघा ओढल्यात. एकाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं, सगळी धावत घमेल्यापाशी. हात आत, किंकाळी, चॉकलेट, पुढचं घर. जिमचं थडगं कुणी वाचलं नाही. मेपलखालच्यासमोर कुणी थांबलं नाही. अख्खं अंगण डावीकडून उजवीकडे, एकेक वस्तू नजरेखालून घालत बघितलं ते एकट्या डायनोसॉरने. नीट बघितलं, आणि मग ठरवलं की आपल्याला हे नको.

हे मी स्वतःची समजूत घालायला लिहितेय, कळतंय मला. तरी पण. प्रदर्शनात सगळ्यांत जास्त वेळ उभा राहणारा माणूस चित्र विकत घेतोच असं कुठे आहे? पुढच्या वर्षी थोडं अलीकडे, ड्राइव्हवेच्या तोंडाशीच एक भांडं ठेवीन म्हणते. चिठ्ठी वगैरे नाही. ज्याला आत यायचं नाही त्याने तिथूनच घ्यावं. त्याला कदाचित त्यावरही नको म्हणायचं असेल. म्हणू दे बापडा.

दुपारी आजोबा आले होते. येत्या शनिवारी परत निघालेत. रिकामं अंगण बघून चुकचुकले, म्हणाले, आमच्याकडे किल्ला मोडत नाहीत, पावसाने आपोआप जाईपर्यंत ठेवतात. मी म्हटलं, इथे ठेवला तर शेजारी तक्रारीचं पत्र पाठवतात. हसले. मग थांबून, "मुलीला म्हटलं, ही तुमची बाई हातची कसबी आहे," असं म्हणून गेले. मी त्यांना चॉकलेटं द्यायला पळत आत गेले. त्यांना शुगर आहे. "नको, नको," म्हणाले आणि दोन घेतली.

हात, कवट्या, दिव्यांच्या माळा, सगळं खोक्यांत गेलं, खोकी माळ्यावर. मेपलखालचा मात्र कुठेच मावेना. झगा दगडासारखा कडक, घडी होत नाही. मोडवत नाही. शेवटी संध्याकाळी, शिरीष सामान आणायला गेला होता तेव्हा, ढकलगाडीवर घालून एकटीनेच गॅरेजमध्ये नेला आणि कचऱ्याच्या डब्यांच्या मागे भिंतीला लावून उभा केला. थकले होते. पुढच्या आठवड्यात बघू.

दादाला फोन करावा का? तिकडे आता सकाळ असेल. डबा असेल अजून कदाचित.

शिरीष आत्ताच खालून ओरडला, उद्या कचऱ्याची गाडी आहे, डबे मी ठेवतो बाहेर. मी बरं म्हटलं. मग आठवलं, गॅरेजमधला बल्ब मी बुधवारी काढून मेपलखाली लावला होता आणि तो अजून खोक्यातच आहे.

सपातांचा आवाज येतोय. मधलं दार उघडलं. बटणाचा खटका. पुन्हा खटका.